घामोळ्या नव्हत्या त्या

यंदाही शिमग्याच्या आधीच ऊन चढलं. आभाळातला निळा रंग विटून पांढरट झाला, आणि सकाळी दहालाच वर्गाच्या खिडक्यांचे गज हात लावू देईनासे झाले. बारावीच्या परीक्षेला मी दरवर्षी सुपरव्हिजनला असते. पंखे फिरतात, पण गरम हवाच इकडून तिकडे ढकलतात. मुली खाली मान घालून लिहीत असतात, आणि मी त्यांच्या उत्तरपत्रिकांकडे कमी आणि मानांकडे जास्त बघते. कुणी पेन ठेवून गळ्याशी खाजवतं, कुणी ओढणी सैल करतं, कुणी पाण्याची बाटली तासाभरात संपवून दुसरी उघडतं. सोलापुरात मार्चमध्ये हे सगळं अगदी साधं आहे. खाज, घाम, तहान. पण एक मार्च असा गेला की तेव्हापासून मला या महिन्यातली साधी गोष्ट साधी वाटत नाही.

रेणुका माझी भाची, माझ्या धाकट्या भावाची, बिराची मुलगी. आमचं घर नातेपुत्याच्या पलीकडचं, मेंढरांचं. मी शिकले, शाळेत लागले आणि जुळे सोलापुरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिले. बिरा मेंढरांमागेच राहिला. दिवाळी झाली की कळप घेऊन चाऱ्यामागे बाहेर पडायचं आणि पाऊस लागला की परतायचं, हे त्याचं वर्ष. रेणूला अकराव्या वर्षी मधुमेह निघाला. लहानपणी होतो तो, आयुष्यभर इन्सुलिन घ्यावं लागतं तो. गावात कुणाला पटेना. एवढ्याशा पोरीला साखर कशी, गोड तर ती खातही नाही, असं सगळे म्हणायचे. बिरानं मात्र वाद घातला नाही. सुई कशी भरायची ते त्यानं स्वतः शिकून घेतलं आणि मेंढराला औषध पाजावं तितक्या शांतपणे रोज पोरीला टोचायला लागला. दहावीनंतर तो तिला घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "आक्का, हितं दवाखाना जवळ हाय. हिला तुज्याकडं ठिव. शिकंल बी, जगंल बी."

मी ठेवून घेतली. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. अकरावीचं वर्ष सरळ गेलं. सकाळी उठली की बोट टोचून साखर बघायची, वहीत आकडा लिहायचा, पोटाला नाहीतर मांडीला इन्सुलिन घ्यायचं आणि मग चहा. हे ती इतकं सहज करायची की मीही ते बघायचं सोडून दिलं. आता वाटतं, तिथंच माझी पहिली चूक झाली.

बारावीच्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला बिरा आला. खांद्यावर घोंगडं, हातात पिशवी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या इन्सुलिनच्या तीन बाटल्या. त्या त्यानं तालुक्याच्या दवाखान्यातून आणल्या होत्या. दोन गाड्या बदलून आला होता, पण घोटभर पाणी प्यायच्या आधी त्यानं बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायला लावल्या. "परीक्षा हुईस्तवर पुरत्याल," म्हणाला. रेणूनं बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. औषध पाण्यासारखं स्वच्छ होतं. तिनं त्या फ्रिजच्या दारात ओळीनं लावल्या. आम्ही तिघं जेवलो. बिरानं मेंढरांच्या गोष्टी सांगितल्या, एक काळी मेंढी कशी रोज चुकून दुसऱ्याच्या कळपात जाते ते सांगितलं, आणि रेणू पोट धरून हसली. त्या घरातलं तिचं तसं हसणं पुढं कित्येक महिने मी ऐकलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी तिच्या मानेवर आणि काखेत बारीक लाल दाणे आले. ती अभ्यास करता करता खाजवत होती. मी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "घामोळ्या आहेत गं. पावडर लाव." नळाला चार दिवसांआड पाणी येत होतं, आम्ही बादलीभर पाण्यात अंघोळ उरकत होतो, वर पंख्याचा वारा हा असा. घामोळ्या नाही यायच्या तर काय? मी कडुलिंबाचा पाला आणून तिच्या अंघोळीच्या पाण्यात टाकला. घरभर कडवट वास सुटला. दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाली, "कमी हाय आत्या." मी खूश झाले.

कमी नव्हतं. ते फक्त जिथं मला दिसेल तिथून हललं होतं.

त्या पाच-सहा आठवड्यांतली एकेक गोष्ट मी आज बोटांवर मोजू शकते. माठ संध्याकाळऐवजी दुपारीच रिकामा व्हायला लागला. मला वाटलं, ऊन वाढलंय. रेणूचा ड्रेस खांद्यावरून ओघळायला लागला. मला वाटलं, परीक्षेच्या काळजीनं पोरगी वाळतेय. ती दोनदोनदा कपडे बदलायची आणि स्वतःचे कपडे स्वतःच धुवायची. मला वाटलं, वयात आलेली मुलगी आहे, नीटनेटकी झाली. चालताना पाय जरा फाकवून टाकायची. मला वाटलं, दिवसभर बसून पाय आखडले असतील. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं, आणि प्रत्येक कारण बरोबर असू शकलं असतं. वाईट गोष्ट घरात शिरते तेव्हा दार वाजवत नाही, हे मी ऐकून होते. पण ती आपल्याच तोंडून स्वतःची ओळख करून देते, हे मला माहीत नव्हतं.

मी तिची वही बघत होते, हेही खरं. आकडे चांगले होते. एकशे तीस, एकशे चाळीस, कधी एकशे साठ. सुवाच्य अक्षरात, तारीखवार. ते सगळे तिनं मनानं लिहिलेले होते.

खरं काय चाललं होतं ते तिनं मला नंतर सांगितलं. मीटरवर आकडा तीनशे, साडेतीनशे असा यायला लागला होता. तिनं डोस वाढवला, तरी उतरेना. बाटली संपली म्हणून दुसरी उघडली, तरी तेच. एकदोनदा तर मीटरनं आकडाच दाखवला नाही. त्याच्या मोजण्याच्या पलीकडं साखर गेली की त्यावर इंग्रजी दोन अक्षरं येतात, 'हाय'. ती म्हणाली, "आत्या, मी विचारायची, काय चुकलंय का माजं? आन् ते म्हनायचं, हाय."

तिला वाटत होतं की चूक तिचीच आहे. आदल्या वर्षी एकदा आकडा वाढलेला पाहून मी रागावले होते. "परीक्षेच्या वर्षात असं चालणार नाही हं," म्हणाले होते. मास्तरणीची जीभ. मी विसरून गेले होते, ती विसरली नव्हती.

आणि अंगावर जे उठलं होतं, ते दाखवायची तिला लाज होती. त्यालाही एक दिवस कारण होता. आदल्या वैशाखात गावी चुलत बहिणीच्या लग्नात ती नवी साडी नेसायला म्हणून आतल्या खोलीत गेली. तिच्या पोटावर सुयांच्या जागी गाठी होत्या, आणि मांडीवर दोन-तीन तपकिरी डाग. तिथल्या एका बाईनं ते पाहिलं आणि तिच्यादेखतच दुसरीला म्हणाली, "अंगावर उठलंय की गं पोरीच्या. हिला कोन पत्करनार?" रेणूची आई तिथंच होती. पोरीला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "कुणाला दावत जाऊ नगंस बाई." आईनं मायेनंच सांगितलं होतं. रेणूनं ते तंतोतंत पाळलं.

त्यामुळे छातीखाली, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत लाल ओलसर चट्टे आले तेव्हा ती कुणाकडे गेली नाही. कॉलेजच्या वाटेवरच्या मेडिकलमध्ये जाऊन खाजेवरची ट्यूब द्या म्हणाली. त्यांनी दिली. लावली की दोन दिवसांत लाली जायची, खाज थांबायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा यायची, आधीपेक्षा मोठी. तिनं दुसरी ट्यूब घेतली, मग तिसरी. असं करत ती पेपर लिहीत राहिली. भाषा झाली, फिजिक्स झालं, केमिस्ट्री झालं.

बायोलॉजीच्या पेपरच्या दिवशी सकाळी सातला मी पोहे परतत होते. बाथरूमच्या उंबऱ्यावर कुणीतरी बसल्याचा आवाज आला. बघते तर रेणू, भिंतीला डोकं टेकून. तिला उलटी झाली होती. मी म्हटलं, "पित्त झालं असेल, जागरणानं." म्हणत म्हणत तिच्याजवळ वाकले आणि थांबले. तिच्या तोंडाला वास येत होता. उलटीचा नव्हे, जास्त पिकून काळ्या पडलेल्या पेरूसारखा, गोडसर, नाकात बसणारा. ती धावून आल्यासारखी श्वास घेत होती, लांब आणि खोल. धावली तर नव्हतीच, बसलीच होती.

"रेणू, साखर किती आहे?"

"हॉल तिकीट दे आत्या," ती म्हणाली. "उशीर हुतोय."

मी गॅस बंद केला की नाही ते मला आठवत नाही. शेजारच्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यापर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तसाच श्वास घेत होती, आणि अधूनमधून म्हणत होती की पेपर अकराला आहे.

डॉक्टर एक पन्नाशीच्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी नाकानंच निदान केलं असावं, कारण रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच सलाईन लावायला सांगितलं. मग नर्सला म्हणाल्या, "कपडे सैल करा, अंग बघायचंय."

मी तेव्हा पाहिलं. छातीच्या खालून कमरेपर्यंत कातडी कच्च्या मांसासारखी लाल होती. मोठ्या चट्ट्यांच्या कडेनं बारीक दाणे विखुरले होते, पुढं कुठं जायचं ते शोधत असल्यासारखे. मांड्यांच्या आत नखांचे ओरखडे होते. ट्यूब लावून लावून कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ आणि चकचकीत झाली होती. आणि उजव्या मांडीवर, जांघेजवळ, लिंबाएवढं गळू. त्याच्याभोवती तळहाताएवढी जागा जांभळट लाल, हात लावला तर भाजेल अशी गरम.

"हे किती दिवसांपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

"तुम्ही एकत्र राहता ना?"

मी मान हलवली. दोन खोल्यांचं घर. दीड महिना आम्ही एकाच ताटलीतले पापड मोडून खात होतो.

डॉक्टरांनी खिशातलं निळं पेन काढलं आणि त्या लालीच्या कडेनं मांडीवर एक रेघ ओढली. शेजारी वेळ लिहिली, आठ वाजून चाळीस मिनिटं. मला म्हणाल्या, "लाली या रेघेच्या आत राहिली तर औषध लागू पडतंय. बाहेर गेली तर मला लगेच कळवायचं. हे काम तुमचं."

मी आयुष्यात पुष्कळ रेघा ओढल्या आहेत, समासाच्या, चुकांच्या खालच्या. त्या एका रेघेकडे जितका वेळ बघितलं तितका वेळ मी कशाकडेच बघितलेलं नाही. अकरा वाजले तेव्हा शहरभर पेपर वाटले गेले असतील. रेणू शुद्धीत होती आणि नव्हती. बाराला लाली रेघेला टेकली. दीडला ती एका जागी, बोटाच्या पेराएवढी, बाहेर आली. मी नर्सला हाक मारली. डॉक्टर आल्या, औषध बदललं, गळूला चीर दिली, आणि पहिल्या रेघेच्या बाहेर दुसरी रेघ ओढली.

दुपारी चारच्या सुमारास बिरा पोचला. कळप कुठल्याशा माळावर सोडून आला होता, धोतर धुळीनं भरलेलं. तो पोरीच्या पायाशी उभा राहिला. तिच्या मांडीवरच्या निळ्या रेघा पाहून एवढंच म्हणाला, "ह्ये काय लिवलंय?"

मी सांगितलं. तो खाली बसला.

डॉक्टर आल्या. इन्सुलिन कुठलं वापरत होता, कुठं ठेवत होता, असं विचारायला लागल्या. मी म्हटलं, फ्रिजमध्ये, दारात. आल्या दिवसापासून. डॉक्टर म्हणाल्या, "आणि आल्या दिवसाच्या आधी?"

बिरानं बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "आधी आठ दिस माज्यापाशी व्हतं. कळप चालत व्हता की. दवाखान्यातनं आनलं, पर सोलापूरला यायला सवड न्हाय गावली. पत्र्याच्या पेटीत ठिवलं व्हतं. वरनं वलं फडकं घालायचो."

"फडकं दिवसभर ओलं राहायचं?"

"सकाळी घालायचो. मेंढरामागं गेलं की मग सांच्यालाच यायचो. वाळत असंल."

मला तो माळ डोळ्यांसमोर दिसला. सावलीला झाड नाही, पालाच्या कडेला पत्र्याची पेटी, त्यावर कडक वाळलेलं फडकं, आणि आत पोरीचा जीव तीन बाटल्यांत. डॉक्टर त्याच्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उन्हानं औषध पूर्ण मेलं असतं तर दोन दिवसांत कळलं असतं. ते अर्धवट मेलं. म्हणून तर इतके दिवस गेले. साखर रोज थोडी थोडी जास्त राहिली, आणि आधी कातडीनं सांगितलं. साखर वाढली की बुरशीला कातडीवर रान मोकळं मिळतं. त्यावर ट्यूब लावली, ती चुकीची होती, तिनं लाली झाकली आणि रोग वाढवला. शेवटी गळू झालं आणि सगळं एकदम खाली आलं."

त्या बाहेर गेल्या. बिरा आपल्या हातांकडे बघत बसला. "आक्का," तो म्हणाला, "मीच दिलं की तिला ते. माज्या हातानं."

माझ्याही हातानं पावडर दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाली दुसऱ्या रेघेच्या आतच होती. तिसऱ्या दिवशी ती कडेनं फिकट व्हायला लागली. रेणूनं डोळे नीट उघडले आणि बापाला विचारलं, "मेंढरं कुणापाशी हायत?" बिरा उठून व्हरांड्यात गेला आणि बराच वेळ आला नाही.

तिचे दोन पेपर बुडाले. ते तिनं जुलैत दिले आणि पास झाली, पण डॉक्टर व्हायला लागतात तेवढे गुण आले नाहीत. जनावरांच्या दवाखान्यात काम करता येईल असा डिप्लोमा तिनं केला. बिरा त्यानंतर कधी इन्सुलिन आणायला धजला नाही. बाटली हातात घ्यायची वेळ आली तरी तो दोन्ही हात मागे घेतो. ट्यूब देणाऱ्या दुकानावरून जाताना मी आजही रस्ता ओलांडते. मांडीवरच्या चिरेचा वण राहिला, आणि ट्यूबनं पातळ झालेल्या जागी पांढऱ्या रेघा. त्या जात नाहीत, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

त्या मे महिन्यात, घरी आल्यावर, एका रविवारी सकाळी ती अंघोळीला जाता जाता थांबली. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि कुर्ता वर केला. "बघ," म्हणाली. एवढंच. मी खिडकीचा पडदा सरकवला आणि उजेडात तिची पाठ, कंबर, काखा, मांड्या, बोटांच्या बेचक्या, पावलांचे तळवे, सगळं बघितलं. कातडी बरी होत होती. तिला लाज वाटत होती, मला रडू येत होतं, पण दोघींनी ते दाखवलं नाही. मग दर रविवारी तसं करायचा आमचा नेमच झाला. ती शिकत होती तोवर, तीन वर्षं, एकही रविवार चुकला नाही. गावच्या त्या बाईनं एका वाक्यात जे बंद केलं होतं, ते उघडायला आम्हाला इतके रविवार लागले.

मी त्या काळात शिकले की साखरेचा आजार रक्तात असतो, पण त्याची पहिली बातमी कातडी आणते. कधी खाज, कधी चट्टा, कधी न भरणारी जखम. आणि कातडीची बातमी घरातला माणूस ऐकत नाही, कारण ती त्याला रोजचीच वाटते. तेव्हापासून मी वर्गातल्या मुलींना विचारते. उगीचच वाटेल असं विचारते. आई-बापांना फोन करते. एकीदोघींच्या घरचे माझ्यावर चिडलेही आहेत. चिडू देत.

रेणू आता बार्शीत आहे. एका खाजगी जनावरांच्या दवाखान्यात काम करते, भाड्याच्या खोलीत एकटी राहते, इन्सुलिन स्वतः आणते आणि बर्फाच्या डब्यातून घरी नेते. हुशार आहे, सावध आहे. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. कालही आला. शेळ्यांचे रोग, मालकाचा स्वभाव, बार्शीचं ऊन, सगळं झालं. तिचा आवाज मला जरा कोरडा वाटला. मी विचारलं, "पाणी फार पितेस का गं?"

"उन्हाळा हाय की आत्या."

"खाज?"

"मानंवर जराशी. घामोळ्या असत्याल." मग घाईनं म्हणाली, "आकडे बरोबर हायत. खरेच सांगते. रोज आरशात बघते की मी."

"आणि पाठ?"

तिच्या खोलीतला पंखा मला फोनमधून ऐकू येत होता.

"पाठ कशी दिसंल आत्या," ती हळूच म्हणाली, "एकलीला?"

मी शाळेला एक दिवसाची रजा कळवली. सकाळी साडेसहाच्या बार्शी गाडीत खिडकीशी जागा मिळाली आहे, आणि उजेड अजून कोवळा आहे.